हालवून घ्या जी

"हालवून घ्या जी, चाकलेट खालतं बसलं हाये," असं म्हणत काकूंनी ट्रे पुढे केला. मे महिन्यातली दुपार, खिडकीत कूलर घरघरतोय, आणि ट्रेमध्ये पाहुण्यांसाठी राखून ठेवलेले काचेचे उंच गिलास. स्वयंपाकघरापासून ओसरीपर्यंत फार तर वीस पावलं. तेवढ्यात गिलासात तीन थर पडले होते. वर दोन बोटं पांढुरका फेस, मधे भांडी विसळल्यासारखं फिकट पाणी आणि तळाला तपकिरी गाळ. ढवळलं की मिनिटभर चॉकलेट, की परत तेच. बर्फ भरपूर घातला होता, साखर होती, कोको तर सांगितल्यापेक्षा चमचाभर जास्तच होता. तरी त्या 'हालवून घ्या'मध्ये थोडं ओशाळलेपण होतं, आणि तेच डोक्यात अडकून बसलं. जिन्नस सगळे बरोबर, आणि पेय मात्र फसलेलं.

गारेगार, दाट, चमच्याने उचलता येईल असं चॉकलेट मिक्सरवर करायचं तर कृती चार ओळींची आहे. तीच चार ओळींची कृती मुंबई-पुण्यात जमते आणि आपल्याकडे विदर्भात मे महिन्यात फसते, याचं कारण कृतीत न लिहिलेल्या एका जिनसात आहे. दूध लिहितात, कोको लिहितात, साखर लिहितात. गारवा लिहीत नाहीत. जिथे हवाच ४४-४५ अंशांवर असते तिथे गारवा हा मोजून घालायचा आणि जपून खर्चायचा माल आहे. साखरेपेक्षा महाग.

हिशोब शाळेतलाच आहे. एक ग्रॅम पाणी एक अंशाने थंड करायचं तर एक कॅलरी उष्णता काढावी लागते, आणि एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी ओढून घेतो. आता ओट्यावरचं, सकाळी तापवून ठेवलेलं पाव लिटर दूध घ्या. मे महिन्यात ते ४० अंशांवर असतं. ते शून्याजवळ आणायलाच शंभराच्या वर ग्रॅम बर्फ खलास होतो, म्हणजे ट्रेमधले पाच-सहा खडे. ते खडे गेले कुठे? पाणी होऊन त्याच दुधात. पाव लिटर दुधात शंभर मिली पाणी आधीच पडलं, आणि गारेगार दाटपणासाठी लागणारा बर्फ अजून घालायचाच आहे. हेच दूध फ्रिजमधलं, ८ अंशांचं असेल तर त्याच कामाला वीस-पंचवीस ग्रॅम बर्फ पुरतो. फार तर एखादा खडा. त्या गिलासातलं मधलं फिकट पाणी म्हणजे ओट्यावरचं दूध थंड करताना कामी आलेले खडे होते.

म्हणून गारवा पायरीपायरीने घ्यावा, स्वस्तातला आधी. सगळ्यात स्वस्त गारवा माठाचा. आपल्याकडची मे महिन्याची हवा खरखरीत कोरडी, त्यामुळे माठ इथे जसा काम करतो तसा कोकणात करत नाही. बाहेर ४४ आणि हवेत ओल १५ टक्के असेल, तर बाष्पीभवनाने पाणी थेट २३-२४ अंशांपर्यंत उतरू शकतं. उकळलेलं दूध गंजासकट, म्हणजे पातेल्यासकट, परातीत ठेवायचं, परातीत माठातलं पाणी ओतायचं, दहा मिनिटांनी ते बदलायचं. अर्ध्या तासात दूध कोमट-गार होतं आणि एक खडाही खर्च होत नाही. त्यानंतरचा गारवा फ्रिजचा, दोन-तीन तासांचा. बर्फ शेवटी, आणि तोही गार करायला नाही, दाट करायला. गरम गंज तसाच फ्रिजमध्ये कोंबणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की बिचारं फ्रिज आधीच ४० अंशांच्या खोलीत धापा टाकत असतं. गरम गंजामुळे शेजारचा बर्फही मऊ पडतो.

एक उलटा गैरसमज इथेच निस्तरू. माठाला ओलं फडकं गुंडाळतात तसं तयार चॉकलेटच्या गिलासालाही गुंडाळतात. ओलं फडकं फार तर २३ अंशांपर्यंत जाईल आणि गिलासात शून्याच्या आसपास माल आहे. म्हणजे ते ओलं फडकं गिलासाला तापवतंच. गिलासाला कोरडा पंचा बरा.

भांड्यांचाही हिशोब असतो आणि तो कोणीच धरत नाही. मिक्सरचं स्टीलचं मोठं भांडं सहाशे ग्रॅमचं असेल आणि फळीवर ४० अंशांना तापलेलं असेल, तर ते एकटंच ३५ ग्रॅम बर्फ खातं. पाहुण्यांचा जाड काचेचा गिलास अडीचशे ग्रॅमचा. तो २५ ग्रॅम खातो, एकेक गिलास. पातळ स्टीलचा रोजचा गिलास मात्र पाच-सहा ग्रॅमवर भागवतो. दिसायला काच छान, पण काचेत द्यायचं असेल तर गिलास तासभर आधी फ्रिजमध्ये गेले पाहिजेत. नाहीतर सरळ स्टीलमध्ये द्यावं, पाहुणे समजून घेतात. मिक्सरचं भांडंही पंधरा मिनिटं खालच्या कप्प्यात ठेवावं. फ्रीझरमध्ये नाही. पात्याच्या दांड्याभोवती बुशमध्ये पाण्याचा थेंब असतो, तो गोठला की पातं जखडतं, आणि बटण दाबल्यावर खाली भांडं मोटरला जोडणाऱ्या कपलरचे दात जातात.

आता मिक्सर. ब्लेंडरचा जन्म खरं तर अशाच पेयासाठी झाला. अमेरिकेत स्टीफन पोप्लावस्की नावाच्या माणसाने १९२२ मध्ये भांड्याच्या तळाशी फिरतं पातं बसवलं ते सोडा फाउंटनवरच्या माल्टेड दुधासाठी. न्यूयॉर्कच्या ज्या 'सेरेंडिपिटी ३' कॅफेने फ्रोझन हॉट चॉकलेट नावारूपाला आणलं ते १९५४ चं. आपला मिक्सर वेगळ्या घराण्यातला. परदेशी यंत्रं आपल्या वाटणाला टिकेनात, म्हणून सत्यप्रकाश माथुर या इंजिनिअरने 'सुमीत' घडवला, आणि पुढचे सगळे त्याच वळणाचे. ताकद दणकट, भांडं अरुंद, पातं बुटकं, सगळा जोर तळाशी. ओली डाळ आणि सुकं खोबरं यांच्यासाठी हे झकास. बर्फासाठी थोडी मनधरणी करावी लागते.

मनधरणी म्हणजे क्रम. आधी पातळ माल, मग बर्फ. पातं पूर्ण बुडलं पाहिजे. आधी खडे टाकून वरून दूध ओतलं की एखादा खडा पातं आणि भिंतीच्या मधे पाचर मारल्यासारखा बसतो. मोटर हुंकार देते, फिरत नाही, आणि न फिरणारी मोटर फिरणाऱ्या मोटरपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते. जळका वास येतो, मग खट्. बुडाखालचं लाल बटण उसळलेलं असतं. हा बिघाड नाही, मिक्सरने स्वतःला वाचवलंय. स्विच बंद, भांडं उतरवून खडा मोकळा, दहा-पंधरा मिनिटं मोटर गार होऊ द्यायची, मग ते बटण आत. लगेच दाबून परत चालवणारे शेवटी तालुक्याला मिक्सर घेऊन जातात.

भांडं निम्म्याच्या वर भरू नये. भांडी तीन असतात, त्यातलं आतून उभ्या कडा असलेलं मोठं घ्यायचं. त्या कडा माल अडवून पात्याकडे परत ढकलतात. बटण डावीकडे, म्हणजे झटक्याचं. दोन सेकंद चालू, दोन सेकंद बंद, असं सात-आठ वेळा. मग दोन नंबरवर पंधरा-वीस सेकंद, आणि बास. आधी खडखड येते, मग गरगर, मग एकसारखा घुमणारा जाड आवाज. तिथे थांबायचं. मधेच आवाज एकदम चिरका, हलका झाला तर खूश होऊ नये. आत बर्फाची कमान धरलीय आणि पातं खाली पोकळीत एकटंच फिरतंय. बंद करून लांब दांड्याच्या चमच्याने कमान पाडायची, दोन चमचे दूध घालायचं, परत झटके.

जास्त फिरवलं तर जास्त दाट होईल, ही सगळ्यात महागात पडणारी समजूत. ५०० वॅटचा मिक्सर पूर्ण जोराने एक मिनिट सलग चालला आणि त्यातली निम्मी ऊर्जा जरी भांड्यात उतरली, तरी ४०-४५ ग्रॅम बर्फ वितळतो. पातं बर्फ फोडतंही आणि वितळवतंही. पहिल्या अर्ध्या मिनिटात फोडणं पुढे असतं, नंतर वितळवणं.

तळाच्या गाळाची गोष्ट वेगळी, तिथे गारव्याचा दोष अर्धाच. कोको दुधात विरघळतच नाही. साखरेसारखा तो नाहीसा होत नाही, बारीक कण तरंगतात किंवा बसतात, एवढंच. त्यातून पावडरीत दहा-बारा टक्के कोको बटर असतं, तुपकट, त्यामुळे थंड दुधात ती भिजायलाच तयार नसते. वर गोळ्या होऊन फिरते, आत कोरडी. मिक्सरने गोळ्या फुटतात पण कण भिजत नाहीत. जोवर बर्फाचा बारीक चुरा दाट आहे तोवर कण त्यात अडकून राहतात. बर्फ वितळला की दूध पातळ, आणि कोको खाली. तयार बाटलीतल्या चॉकलेट दुधात हे होऊ नये म्हणून कॅरॅजिनन नावाचा शेवाळापासून काढलेला पदार्थ घालतात. घरी तेच काम चमचाभर कॉर्नफ्लोअर करतो. गावातल्या दुकानात तो नसेल तर कस्टर्ड पावडर असते, लग्नसराईत फ्रूट सॅलडसाठी विकतात तीच. ती म्हणजे रंग-वास घातलेला कॉर्नफ्लोअरच. फक्त व्हॅनिलाचा वास जरा पुढे येतो.

म्हणून चॉकलेट आधी शिजवून घ्यायचं. मोठे दोन गिलास धरले तर कोको १५ ग्रॅम, म्हणजे पोह्याचे तीन चमचे भरून. साखर ६० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर एक लहान चमचा, मीठ चिमूटभर. हे सगळं कोरडंच एकत्र करायचं, कारण साखरेचे दाणे कोकोच्या गोळ्या फोडतात. मग १०० मिली दुधातलं थोडंथोडं घालत लगदा, मग उरलेलं दूध, आणि मंद आचेवर सतत ढवळत उकळी. उकळी आल्यावर दोन मिनिटं. चमच्याच्या पाठीला धरलं आणि बोटाने ओढलेली रेघ राहिली की झालं. परातीत, मग फ्रिजमध्ये. साखर जास्त वाटेल, पण जीभ थंड पडली की गोड कमी कळतं. शिजवताना बरोबर लागलं तर गोठल्यावर फिकं लागणार. मीठ टाळू नये, कोकोचा कडवटपणा त्याने गोल होतो. आणि हे गरम असताना झाकण लावून मिक्सरमध्ये फिरवू नये. वाफ झाकण उडवते आणि चॉकलेट छतावर जातं.

वडीचं चॉकलेट वितळवून घालू का, असं बरेच विचारतात. कोको बटर ३२ ते ३५ अंशांना वितळतं, त्यामुळे मे महिन्यात वाण्याच्या काउंटरवरची वडी तशीही वडी राहिलेली नसते. ती घरी गार करून घट्ट झाली की वर पांढरी पुटं दिसतात. ती बुरशी नाही, बाहेर आलेलं कोको बटर आहे, खायला हरकत नाही. पण वितळलेली वडी बर्फावर पडली की तेच बटर तिथल्या तिथे थिजतं आणि दाताखाली मेणाचे कण येतात. त्यापेक्षा कमी तुपकट असलेली पावडर बरी. मात्र डब्यावर 'ड्रिंकिंग चॉकलेट' लिहिलं असेल तर त्यात बहुतेक साखरच असते. कोको म्हणून तेवढ्याच मापाने घातलं तर रंग मातकट आणि चव सरबताची.

दूध. म्हशीचं असेल, आणि बहुतेक घरी तेच असतं, तर गाळून घ्या. फार चविष्ट असतं, पण सहा-सात टक्के स्निग्धांश आणि वर भाकरीएवढी साय. थंड साय आणि फिरतं पातं हे लोणी काढण्याचंच साहित्य आहे. चॉकलेटवर पिवळट कण तरंगले आणि ओठांना तुपाचा लेप बसला, की समजावं साय आत गेली. श्रीमंती म्हणून मुद्दाम साय घालणारे आहेत. त्यांनी ती वरून घालावी.

बर्फाच्या पाण्याबद्दल खारपाणपट्ट्यातल्या माणसाला सांगायला नको. अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या पूर्णाकाठी विहिरीला लागतं ते पाणी तोंडात धरवत नाही, त्याचा बर्फ करून चॉकलेटात घातला तर काय होणार. बोअरचं पाणी इतरत्रही जड असतं. बर्फ प्यायच्याच पाण्याचा, आणि ट्रे झाकलेला, कारण फ्रीझरमधला उघडा बर्फ शेजारच्या डब्याचे वास ओढतो. बाजारातली लादी आणणार असाल तर निळसर झाक असलेली घेऊ नका. न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम २०१८ मध्ये आला तो याचसाठी.

पण खरी युक्ती बर्फ कमी करण्यात आहे.

आदल्या रात्री २०० मिली दूध बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवायचं. दहाएक खडे होतात. पाण्याचा खडा वितळला की पेय पातळ होतं, दुधाचा खडा वितळला तर दूधच होतं. शिवाय दुधाचे खडे पाण्याच्या खड्यांपेक्षा ठिसूळ, म्हाताऱ्या मिक्सरलाही झेपतात. मग मांडणी अशी: भांड्यात गार झालेलं शिजवलेलं चॉकलेट, त्यावर फ्रिजमधलं दीडशे मिली दूध, त्यावर दुधाचे खडे, शेवटी पाण्याचे चार-पाच खडे फक्त कुरकुरीसाठी. पातळ आणि गोठलेलं जवळपास सारखं, गोठलेलं किंचित वरचढ. याहून बर्फ वाढवला तर कमान धरते.

आणि झाकणाचा वास घ्या. हसू नका. आपल्याकडे मिक्सरमधून रोज काय जातं? लसूण, हिरवी मिरची, भाजलेलं खोबरं, सावजीचा मसाला. भांडं घासलं जातं, झाकणाची रबरी रिंग तशीच राहते. लसणाचा वास देणारी गंधकाची द्रव्यं तेलकट, ती रबरात मुरतात, आणि दुधातला स्निग्धांश त्यांना पुन्हा बाहेर बोलावतो. पहिला घोट चॉकलेटचा, दुसऱ्याला मागून ठेचा. पाणी फिरवून ही रिंग स्वच्छ होत नाही. ती सुरीच्या बोथट टोकाने काढून खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात तासभर ठेवायची, मग उन्हात. ऊन आहेच फुकटचं. भांड्यात मूठभर कोरडे तांदूळ फिरवले की पात्याखालचं उरलंसुरलं निघतं. परवडत असेल तर जास्तीची एक रिंग आणून ठेवावी, गोडाची वेगळी. यापेक्षा स्वस्त सुधारणा या पेयात दुसरी नाही.

राहिली लाईन. दुपारी गावातले सगळे कूलर एकदम चालू असतात आणि व्होल्टेज १८० वर आलेलं असतं. २३० ला जेवढा पीळ मोटर देते, त्याच्या साठ टक्के तिथे मिळतो. दुधाचं वाटण निघेल, बर्फ निघणार नाही. दिव्याकडे बघावं, पिवळा पडला असेल तर मिक्सरला हात लावू नये. घरातला कूलर मिनिटभर बंद केल्याने गावाचं व्होल्टेज वाढत नाही, पण घरातली वायर बारीक असेल तर थोडा फरक पडतो. त्याहून बरं म्हणजे पहाटे सहाला फिरवून घ्यायचं, पसरट डब्यात फ्रीझरमध्ये ठेवायचं आणि द्यायच्या आधी काट्याने खरवडायचं.

वादळ येऊन लाईनच गेली तर पहाटे फिरवायलाही मिक्सर नाही. मग लादीचा बर्फ पोत्यात घालून वरवंट्याने फोडायचा, तीन भाग बर्फाला एक भाग जाडं मीठ, त्यात शिजवलेलं चॉकलेट आणि दूध भरलेला घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. डबा सतत फिरवत राहायचं, दर पाच मिनिटांनी उघडून कडेचं गोठलेलं खरवडून मधे घ्यायचं. मिठाने बर्फ शून्याच्या बराच खाली उतरतो, अर्ध्या-पाऊण तासात डब्यात दाट गारेगार चॉकलेट असतं. हात मात्र भरून येतात. डबा उघडण्याआधी झाकणाची कड पुसावी, नाहीतर खारं पाणी आत, आणि खारपाणपट्टा गिलासात.

काकूंच्या ट्रेतल्या गिलासांना लागणारं निम्मं काम ट्रे उचलण्याच्या आदल्या रात्रीचं होतं. हे केलेलं बरोबर झालं की नाही ते बघायला एक गिलास बाजूला काढून ओसरीवर ठेवून द्यायचा, हातही लावायचा नाही. दहा मिनिटांत कडेने सैल होईल, अर्ध्या तासात सगळा पातळ होईल. उन्हाळाच आहे. पण रंग वरपासून तळापर्यंत एक राहिला पाहिजे, आणि तळाशी चमचा फिरवला तर काही उठता कामा नये. वर बोटभर फेस येईल, तो येतोच. पोट्टे आधी तोच चाटतात.